केप कोस्टचे चुलत सासरे

मंगळवार, १ ऑक्टोबर
ठरलं. केप कोस्ट. शुक्रवार १८ ते रविवार २०. मी आणि आराबा, दोघंच. लग्नाला वीस वर्षं झाली. पोरगा बोर्डिंगमध्ये गेला, घर रिकामं. समुद्रकाठच्या हॉटेलात खोली बुक केली, खिडकी समुद्राकडे. जुनं शहर, किल्ला, बंदर, ताजी मासळी. प्लॅनिंग ऑफिसर हे पद मी उगाच मिरवत नाही.
आराबाला सांगितलं. ती नर्सचा युनिफॉर्म इस्त्री करत होती. वर न बघताच म्हणाली, का रे यॉ, तिकडे कोण गेलं?
असले टोमणे आता बंद होतील.

बुधवार, २ ऑक्टोबर
विचार केला. वीस वर्षांत आम्ही दोघं कुठेच का गेलो नाही? दोष माझा नाही. दोष शनिवारचा आहे. आमच्या कुमासीत माणूस कुठल्याही वारी मरो, त्याला शवागारात ठेवतात आणि अंत्यविधी करतात शनिवारी. शुक्रवारी तयारी, शनिवारी मंडप, रविवारी चर्च. माझ्या आईचं कुळ मोठं. त्यात म्हातारी माणसं भरपूर. जायचं नाही म्हटलं तर कुळप्रमुख सार्पोंग मामा. सख्खे मामा. आमच्यात बापाचं ऐकलं नाही तरी चालतं, मामाचं ऐकावंच लागतं.
आराबाने मागे तीनदा ड्यूटी बदलून घेतली होती. तिन्ही वेळा ऐनवेळी कोणीतरी गेलं. तिची मेट्रन आता म्हणाली आहे, ही शेवटची अदलाबदल, पुन्हा माझ्याकडे यायचं नाही. आराबाने मला एवढंच सांगितलं आणि वर म्हणाली, मीही तुला पुन्हा म्हणणार नाही.
ठराव: 'नाही' म्हणायला शिकायचं. रोज सकाळी आरशासमोर.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर
सराव चालू. अडचण अशी की 'नाही' म्हणताना मला हसू येतं. आणि हसून म्हटलेलं 'नाही' ऐकायला 'हो'सारखंच लागतं. दाढी करताना न हसता म्हणून बघितलं. कापलं.

रविवार, ६ ऑक्टोबर
चर्चमधून आलो तोच मामांचा फोन. अबुआक्वाच्या आजीचा अंत्यविधी. शनिवार १९. मंडप आणि खुर्च्या तुझ्याकडे, म्हणाले.
ही आजी माझ्या आईच्या मावसबहिणीची सासू की सासूची बहीण, नक्की कोणालाच ठाऊक नाही. पण प्रश्न तत्त्वाचा होता. मी ठामपणे म्हणालो, बघतो.
मामा म्हणाले, शाब्बास, खुर्च्या पांढऱ्या नकोत, लाल बघ.

सोमवार, ७ ऑक्टोबर
ऑफिसात शांतपणे पर्यायांचा अभ्यास केला. आजारी पडलो तर मामा बघायला येतील आणि मुक्काम करतील. ऑफिसचं काम म्हटलं तर म्हणतील, उद्या तू मेलास तर ऑफिस पुरायला येणार आहे का. मागे म्हणाले होते. राहता राहिलं खरं बोलणं. मामा, मी बायकोला घेऊन फिरायला चाललोय. बाथरूममध्ये मोठ्याने म्हणून बघितलं. पोलीस चौकीत जबाब दिल्यासारखं वाटलं. कुळाची आजी शवागारात आणि भाचा समुद्रावर! छे.
संध्याकाळी मात्र डोक्यात लख्ख उजेड पडला. अंत्यविधीला भारी पडेल अशी जगात एकच गोष्ट आहे. मोठा अंत्यविधी.

मंगळवार, ८ ऑक्टोबर
फत्ते!
मामांकडे गेलो, चेहरा पाडून बसलो. म्हणालो, मामा, सासरी वाईट झालं. केप कोस्टला. नेमका त्याच शनिवारी अंत्यविधी आहे.
मामांनी विचारलं, कोण?
आराबाचे आईवडील जाऊन कितीतरी वर्षं झाली, मामा स्वतः हजर होते. म्हणून म्हणालो, आराबाचे काका. आराबाच्या वडिलांना भाऊच नव्हता ही गैरसोय मागाहून लक्षात आली. पण निवड अचूक होती. आमच्या भाषेत बापाला म्हणतात तोच शब्द बापाच्या भावाला. एग्या. म्हणजे चुलत सासरा हा सासराच. अबुआक्वाची आजी त्यांच्यापुढे कुठेच नाही.
नाव काय, म्हणाले. चर्चमध्ये रविवारी तीताला लिहिलेलं पत्र वाचलं होतं, इंग्रजीत त्याला टायटस म्हणतात. मी म्हणालो, टायटस.
मामांनी डोळे मिटले. मग म्हणाले, सासरचं आधी, तू अबुआक्वाला नाही आलास तरी चालेल. माझ्या पाठीवरून हात फिरवला.
येताना भाजलेली केळी आणि शेंगदाणे घेतले. आराबाला काही सांगितलं नाही. तिला कशाला तपशील.

बुधवार, ९ ऑक्टोबर
किरकोळ अडचण. मामांचा ऑफिसात फोन. रात्रभर झोपले नाहीत म्हणे. चुलत सासरा गेला आणि सासरकडच्यांनी रीतसर कळवलं नाही? बाटली घेऊन कोणी दारात आलं नाही? तुझ्या बायकोची माणसं आम्हाला समजतात तरी काय?
म्हणालो, येणार होते, आजच येणार होते.
मग श्नॅप्स दारूची बाटली घेतली आणि सासरच्या वतीने मीच मामांच्या दारात उभा राहिलो. मामांनी विचारलं, आणणारा कुठे आहे? म्हणालो, त्याची गाडी सुटत होती. मामा म्हणाले, हे किनाऱ्यावरचे लोक असेच, जेवणाची वेळ झाली की मढंसुद्धा टाकून पळतील. पण राग गेला. बाटली उघडून पितरांसाठी चार थेंब जमिनीवर सांडले आणि टायटसला शांती मागितली. मीही मान खाली घातली. उगाच का कोणाला अशांती.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर
मामांनी कुळाची बैठक बोलावली. मला वाटलं अबुआक्वाची असेल.
मामा उभे राहून म्हणाले, चुलत सासरा म्हणजे सासरा. सासऱ्याच्या अंत्यविधीला आपला यॉ आडोमाको एकटा जाऊन उभा राहणार? त्याच्यामागे माणसं नाहीत का? केप कोस्टवाल्यांनी आपल्याला काय समजावं? सगळे जाऊ.
कोणीतरी अबुआक्वाच्या आजीचं काय, असं विचारलं. मामा म्हणाले, ती आपलीच आहे, समजून घेईल. नोव्हेंबरात करू. तिला काय घाई आहे आता?
सगळ्यांना पटलं.
मी उठलो. सगळ्यांसमोर, न हसता, म्हणालो, नको हो, एवढा त्रास कशाला घेता. सेरवा मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, बघा बाई, दुःखातही दुसऱ्यांचाच विचार. ह्याच्या आईचं वळण आहे.
बस ठरवायची, असं ठरलं.

रविवार, १३ ऑक्टोबर
कापड आलं. सेरवा मावशीने निवडलं, काळ्यावर लाल, सुतकाचे रंग. सगळ्यांना एकसारखं. शिंपी कामाला लागले.
मावशीने मला बाजूला घेतलं. म्हणाली, यॉ, अंत्यविधीचं घर समुद्रापासून किती लांब आहे रे? मी म्हणालो, का? तर लाजली. सत्तरी आली तरी तिने समुद्र बघितलेला नाही. म्हणाली, टायटसरावांचा आत्मा मला माफ करो, पण पाय बुडवून येईन म्हणते.
मामांनी विचारलं, शनिवारी किल्ला कितीपर्यंत उघडा असतो? एका मावसभावाने विचारलं, मगरींचं तळं वाटेवर आहे का? एका वहिनीला जाणून घ्यायचं होतं, काळ्या कापडाच्या आत पोहायचे कपडे घातले तर चालतील का. मी इतका खिन्न दिसत होतो की सगळ्यांनी माझं सांत्वन केलं.
ह्या लोकांना अंत्यविधीला जायचंय की सहलीला, काही कळत नाही. माणसाने हेतू स्वच्छ ठेवावा.

मंगळवार, १५ ऑक्टोबर
प्लॅन बी. मामांकडे गेलो. म्हणालो, मामा, घोटाळा झाला. वारसांचं भांडण लागलंय. मोठे म्हणतात आत्ता पुरायचं नाही, धाकटे म्हणतात पुरायचं. अंत्यविधी लांबणीवर पडणार असं दिसतं. बस रद्द करावी.
मामांचा चेहरा उजळला. कितीतरी महिन्यांनी इतका उजळलेला बघितला. भांडण आहे? म्हणाले. अरे मग ताकाला जाऊन भांडं कशाला लपवत होतास? आधीच नाही का सांगायचंस! जन्म गेला माझा असली भांडणं मिटवण्यात. आता तर गेलंच पाहिजे.
त्यांनी आपलं बसायचं कोरीव स्टूल पुसून ठेवायला सांगितलं. जादा कपड्यांची पिशवीही भरायला घेतली. लागतील तेवढे दिवस राहू, म्हणाले.
आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. पण अजून प्लॅन सी आहे. तो बसमध्ये सुचेल.

बुधवार, १६ ऑक्टोबर
आराबाला कळलं.
सेरवा मावशीची सून हॉस्पिटलात गेली होती. वॉर्डात सगळ्यांसमोर आराबाच्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, एग्या टायटस गेले, तरी तू ड्यूटी करतेस! बाकीच्या नर्सेस उभ्या राहून प्रार्थना करायला लागल्या. आराबाही उभी राहिली म्हणे. दुसरं काय करणार.
घरी आली, पर्स ठेवली, बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं.
म्हणाली, टायटस कोण?
मी सगळं सविस्तर सांगितलं. हे खोटं नसून नियोजन आहे, हेही सांगितलं.
म्हणाली, माझ्या बापाला भाऊ नव्हता. वीस वर्षांत एवढं तरी.
मग म्हणाली, तुला एक अख्खा माणूस जन्माला घालता आला, यॉ, आणि त्याला मारताही आलं. पण बायकोबरोबर दोन दिवस जातोय, एवढं मामाला म्हणता आलं नाही.
ह्याला उत्तर होतं, पण ते तेव्हा आठवलं नाही. अजूनही आठवत नाही. ती आत गेली आणि बॅग भरायला लागली. म्हणजे जायचं नक्की आहे. चांगलं लक्षण.

गुरुवार, १७ ऑक्टोबर
आराबाने कळवलं: ती शुक्रवारी सकाळी एकटी निघणार. खोली तिच्या नावावर करून घ्यायची. मी म्हणालो, मी शनिवारी बसने येतो. म्हणाली, ये, तुझं प्रेत घेऊन ये.
तसं बघितलं तर सोयीचंच आहे. ती पुढे जाऊन खोली ताब्यात घेईल. मी शनिवारी तासाभरात कुळाला वाटेला लावीन आणि तिकडे सटकेन. शनिवार संध्याकाळ आणि रविवार सकाळ आमचीच. म्हणजे सहलीचा मुख्य भाग जसाच्या तसा शिल्लक आहे.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर
स्टेशनवर सोडायला गेलो. पिवळा ड्रेस घातला होता. नवीन आहे का विचारलं. म्हणाली, तीन वर्षांपूर्वी घेतला, ह्याच सहलीसाठी.
गाडी निघाल्यावर हात हलवला. काच काळी होती, त्यामुळे तिने हलवला की नाही कळलं नाही. हलवला असणार.

शनिवार, १९ ऑक्टोबर, सकाळी, वाटेत आसिन फोसूला बस थांबली तेव्हा
सगळे खाली उतरून खातायत. बसमध्ये गाणी चालली होती, भजनं म्हणून सुरू झाली, पुढे तशी राहिली नाहीत.
ठरवलं की मामांना खरं सांगायचं. आत्ता नाही तर कधीच नाही. ते झाडाखाली एकटेच उभे होते. म्हणालो, मामा, एक बोलायचं होतं. म्हणाले, बोल. माझं तोंड उघडलं. त्यातून निघालं, संत्री घेऊ का?
म्हणाले, घे, पण गोड बघून घे.
घेतली. गोड निघाली.

शनिवार, संध्याकाळी, बसच्या मागच्या सीटवर
शक्य तेवढं नीट लिहितो.
केप कोस्टला पोचलो. शनिवार असल्यामुळे गल्लोगल्ली मंडप. ड्रायव्हरने विचारलं, कुठला? मी म्हणणार होतो की चला पुढे, अजून पुढे, पार शहराबाहेर. तेवढ्यात सेरवा मावशी किंचाळली, अगं बाई, समुद्र! ड्रायव्हरने घाबरून ब्रेक मारला. बस थांबली ती बरोबर एका मंडपासमोर. लाल-काळे कपडे, ढोल, खुर्च्या, सगळं व्यवस्थित. मामा म्हणाले, जागा छान आहे. आणि उतरले. त्यांच्यामागे सगळे उतरले.
मग काही माझ्या हातात राहिलं नाही. रीत आपोआप चालू झाली. रांगेने सगळ्यांशी हस्तांदोलन. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं. मग त्यांच्यातल्या एका वडीलधाऱ्याने विचारलं, पाहुण्यांचं येणं कशासाठी?
मामा उभे राहिले. मामांचं बोलणं मी लहानपणापासून ऐकतोय, पण आज ते वेगळेच होते. म्हणाले, आम्ही कुमासीहून आलोय. दूरचा रस्ता आहे, पण नातं जवळचं आहे. हा आमचा भाचा. ह्याच्या बायकोचे एग्या आज तुमच्या मंडपात झोपलेत. जावई एकटा आला असता तर तुम्ही म्हणाला असतात, ह्याला कोणी नाही. म्हणून सगळं कुळ आलंय.
 ढोलवालाही थांबला.
मंडपाच्या खांबावर पोस्टर होतं. कॅप्टन डाड्झी, मच्छीमार होडीचे मालक. मामांनी पोस्टर वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. मी कुजबुजलो, टायटस हे घरचं नाव. मामांनी मान हलवली.
त्यांची मोठी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मग आम्ही जरा म्हातारीला विचारून येतो, असं म्हणून भिंतीमागे गेली. आपसात खलबत करायचं की असंच म्हणायची रीत आहे, पण आली ती खरीच एका म्हातारीला घेऊन. एसी तिचं नाव, कॅप्टनची बहीण. काठी टेकत ती थेट माझ्यासमोर आली. म्हणाली, म्हणजे माझ्या भावाला मुलगी होती?
मला काही समजेना. मग समजलं. मामांनी एग्या म्हणताना काका म्हटलं होतं. त्यांनी बाप ऐकलं होतं.
ती म्हणाली, गावाने त्याला जन्मभर कोरडी होडी म्हणून हिणवलं. लेकरू नाही, बाळ नाही. आज शवपेटीला मागून लेकराने हात लावायचा, तर त्याचं स्वतःचं कोणी नव्हतं. आणि तू म्हणतोस त्याला मुलगी आहे?
आता बोलायचं होतं. ह्याच एका शब्दासाठी मी रोज आरशासमोर उभा राहत होतो. आणि ती माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, हो.
तिने माझे दोन्ही हात धरले आणि रडली. मला फार वाईट वाटलं. लिहायला हरकत नाही, मीही रडलो. आमच्याकडचे सगळे रडले. मामा तर सगळ्यात जास्त रडले, त्यांच्या लेखी भावाची मुलगी ती मुलगीच. ढोल वाजायला लागले आणि बायका गल्लीतून ओरडत गेल्या, कॅप्टनला मुलगी आहे, कॅप्टनला कुमासीला मुलगी आहे!
मग सगळे म्हणाले, मुलगी कुठे आहे?
मंडपातून समोरच हॉटेलचा किनारा दिसत होता. पिवळा ड्रेस मी केव्हाच बघितला होता. आराबा वाळूत खुर्ची टाकून बसली होती, पाय उघडे, मांडीवर ताट. बोटांनी मासा खात होती आणि एकटीच हसत होती. फोनवर नव्हती. नुसतीच हसत होती. अशी हसताना तिला शेवटचं कधी बघितलं, आठवेना. देवाला म्हणालो, बाकी काय व्हायचं ते होवो, पण ती कोणाला दिसू नये.
सेरवा मावशी ओरडली, ती काय आराबा! बिचारी, दुःखाने एकटीच समुद्रावर जाऊन बसलीय!
आणि सगळा मंडप वाळूवरून चालायला लागला. पुढे एसी म्हातारी, तिच्यामागे मामा, त्यांच्यामागे ढोल, दोन्हीकडची लाल-काळी माणसं, सगळ्यात शेवटी मी. मला खात्री होती की आराबा आता सगळं खरं सांगणार. तिला मी दोष दिला नसता.
आराबा उठून उभी राहिली. म्हातारीने तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, नाक त्याचंच आहे. आराबाने म्हातारीच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं.  मग हात पुसले आणि तिला मिठी मारली. तिला आत्या म्हणाली.
त्यानंतर दुपारभर ती मंडपात बसली. कोणीतरी पिवळ्या ड्रेसवरून काळं कापड गुंडाळून दिलं. पेटी उचलली तेव्हा मागून हात लावला. ताट वाळूतच राहिलं.

शनिवार, जरा वेळाने
संध्याकाळचं बघू म्हणत होतो. खोली आहे, खिडकी समुद्राकडे. पण मामा म्हणाले, मुलगी आज बापाच्या घरात झोपते, दुःखाच्या घरात. आणि जावई? मी विचारलं. जावई तिथे झोपत नाही, म्हणाले, शोभत नाही. तो ज्यांच्याबरोबर आला त्यांच्याबरोबर राहतो आणि परत जातो. हे तुला ह्या वयात मी सांगायचं?
म्हणालो, मग निदान हॉटेलची खोली.
ती आराबाने सेरवा मावशीला दिली होती. खिडकीतून समुद्र दिसतो म्हणून ती आत्तापासून तिथे बसली आहे, जेवायलाही येत नाही. तिला उठवणं बरं दिसलं नाही. मी बसमध्ये आहे. सीट तशी मऊ आहे.

रविवार, २० ऑक्टोबर
चर्च झालं. मग कुळाने किल्ला बघितला. पूर्वी गुलामांना कोंडून ठेवायचे त्या खालच्या अंधाऱ्या कोठड्यांत गेल्यावर सगळे गप्प झाले, मामासुद्धा. वर आल्यावर मासे खाल्ले. मगरीही बघितल्या. भांडण कोणाचंच नव्हतं याची मामांना जरा रुखरुख लागली, पण अंत्यविधी आयुष्यातला सर्वोत्तम म्हणाले.
आराबाला विचारलं, बसमध्ये तुझी जागा ठेवू ना? म्हणाली, आत्या राहा म्हणते. मी म्हणालो, अगं पण मेट्रन? म्हणाली, फोन केला. बाप गेला म्हटल्यावर लगेच रजा दिली. नवऱ्याबरोबर फिरायला जायचंय म्हणून तीनदा मागितली तेव्हा कुरकुरत होती.
परतीच्या वाटेवर मामा माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपले. आसिन फोसूपर्यंत.

मंगळवार, २२ ऑक्टोबर
आराबाचा फोन. पहिल्याच दिवशी तिने एसी आत्याला सगळं खरं सांगून टाकलं म्हणे. म्हातारी खोकला येईपर्यंत हसली. म्हणाली, मला तेव्हाच ठाऊक होतं, माझ्या भावाला होडी सोडून दुसरं काही सुचत नसे, तो कुमासीला कधी जाणार? पण आता गावात सांगू नकोस. आणि राहा. मला जेवायला कोणी सोबत नाही.
आराबा रोज उशिरा उठते. मासे धुरावर कसे धरायचे ते शिकते आहे. आवाज वेगळा लागत होता, सर्दी झाली असेल. मी विचारलं, शुक्रवारी मी येऊ? म्हणाली, आत्या म्हणते, जावयाने बोलावल्याशिवाय येऊ नये. मग म्हणाली, मामांना काय सांगशील? ह्या वेळी कोणाला मारणार?
ठराव: मामांना खरं सांगायचं. ताबडतोब. गुरुवारी.

गुरुवार, २४ ऑक्टोबर
सांगितलं! खरंच सांगितलं. वाटेत दोनदा मागे फिरलो, तो तपशील सोडून देऊ.
म्हणालो, मामा, ह्या शनिवारी मी कुठल्याच अंत्यविधीला येणार नाही. केप कोस्टला जाणार. तिकडे कोणी गेलेलं नाही. नुसताच जाणार, बायकोबरोबर दोन दिवस राहायला.
मामा संत्रं सोलत होते. सोलत राहिले. मग म्हणाले, मग जा की.
मी म्हणालो, चालेल?
म्हणाले, न चालायला काय झालं? तुझी मामी होती तेव्हा मी तिला दरवर्षी तळ्याकाठी न्यायचो. कुळ कुठे पळून जातंय? तुला आवड नाही असं मी समजत होतो. वीस वर्षांत एकदा तरी विचारलंस का?
अर्धं संत्रं मला दिलं. मी खाल्लं. विचारलं नव्हतं, हे खरं आहे.

शनिवार, २६ ऑक्टोबर
सकाळी आराबाला फोन केला. मामा हो म्हणाले, म्हणालो, निघतो आता, संध्याकाळपर्यंत पोचतो.
म्हणाली, आज नको रे. एल्मिनाला अंत्यविधी आहे, कॅप्टनच्या मावसभावाचा. मुलगी म्हणून मला जावंच लागतं. मागून आत्या हाका मारत होती, गाडी उभी होती. आराबा हसत होती. फोन ठेवते म्हणाली आणि ठेवला.
आज मला कुठेच जायचं नाही. मामांचा फोन नाही, त्यांना वाटतंय मी केप कोस्टला आहे. शेजारीपाजारी सगळे लाल-काळे कपडे घालून गेले, गल्ली रिकामी आहे. काळी चप्पल सवयीने पुसून दाराशी ठेवली होती, ती आत ठेवली. कालचा भात होता, तो गरम केला.